हिरमुसणे, रुसणे, फुरंगटणे: लहान मुलांशी बोलताना कोणता शब्द केव्हा?

पाटीपेन्सिल: बालवाडीसाठी भावनांचा तक्ता करतेय. मुलं चार-पाच वर्षांची. छापील तक्त्यांत राग, भीती, आनंद, दुःख एवढंच असतं. वरच्या तीन शब्दांत नेमका फरक काय?

अनुस्वार: आधी 'दुःख' काढा. या वयाच्या तोंडी 'वाईट वाटतंय' किंवा 'रडू येतंय' असतं. हिरमुसण्यामागे अपेक्षाभंग असतो: सहल रद्द झाली, चेहरा उतरला. राग कुणावर असेलच असं नाही. रुसायला मात्र आपलं माणूस लागतं. (पाऊस आपल्यावर रुसतो, आपण पावसावर नाही.) फुरंगटणे म्हणजे गाल फुगवून, पाठ फिरवून बसणं. त्यात थट्टेची छटा आहे, म्हणून तो शब्द मुलाच्या तोंडावर नको आणि तक्त्यातही नको.

काना_मात्रा: शब्द बदलला की उपायही बदलतो. हिरमुसलेल्याला 'जायचं होतं ना तुला' एवढं पुरतं. लगेच खाऊ पुढे केला तर काय वाटलं ते बोलायचं राहूनच जातं. रुसलेल्याची समजूत काढायची असते आणि आपण समजावत बसतो. समजावणं म्हणजे कारणं देणं. जवळ बसा, एक वाक्य बोला, गप्प राहा. कारणं नंतर.

अनुस्वार: व्याकरणही मदतीला आहे. मराठीत राग 'येतो', भीती 'वाटते'. म्हणजे आली तशी जातेही. 'तू रागीट आहेस' म्हटलं की तो स्वभाव होऊन बसतो. कृतीचा कर्ता मात्र मूलच: 'तुला राग आला, पण ढकललंस तू.' दोन्ही अर्धी वाक्यं हवीत. नुसतं पहिलं म्हटलं तर ढकलणं माफ झाल्यासारखं वाटतं.

पाटीपेन्सिल: आणि चिडचिड?

काना_मात्रा: तिला नाव देण्याआधी झोप, भूक, ताप बघा. आकांडतांडव चालू असताना तर कुठलाच शब्द नको, ऐकू जात नाही. लागण्यासारख्या वस्तू बाजूला करा, शांत झाल्यावर बोला. तक्त्यात चेहऱ्यांशेजारी शरीराच्या खुणा द्या: आवळलेल्या मुठी, तापलेली कानशिलं, पोटात गोळा, घशात आवंढा. चित्रातला चेहरा मुलाला दिसतो, स्वतःचा दिसत नाही, मुठी कळतात. आणि शब्द नेहमी प्रश्न म्हणून: 'हिरमुसलास का?' 'नाही, राग आलाय' असं उत्तर आलं तर तेच धरून पुढे बोला.