रामलिंगच्या वाघाला पकडून न्यावं की राहू द्यावं?

बालाघाटकर:
मी धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीजवळचाच. डिसेंबर 2024 ला आपल्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला, तो निघाला यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आला, मधे पैनगंगा, गोदावरी, महामार्ग, रेल्वेचे रूळ, किती गावं, आणि कुठं गवगवा नाही. मग त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं, पथकं आली, कितीतरी दिवस तो कुणाच्या हाती लागला नाही. माझं स्पष्ट मत आहे की पकडायची घाई करू नये. टिपेश्वर 148 चौरस किलोमीटर, तिथं वाघ वाढले की तरुण नराला बाहेर पडावंच लागतं. आपलं रामलिंग जेमतेम 22, तेवढ्यात त्याचं भागणार नाही हे मान्य, पण हा नेला तरी पुढचा येणारच. 2021 ला संभाजीनगरकडच्या गौताळा अभयारण्यात आलेला वाघ पण टिपेश्वरचाच होता. बालाघाटाच्या डोंगरावर पवनचक्क्यांसाठी रस्ते फोडले, मुरूम उपसला, गायरानं नांगरून टाकली, आणि आता वाघ गावाजवळ आला म्हणून आपण ओरडायलोत. जनावरानं जावं कुठून?

कळंबचा शेतकरी:
दादा, लिहिलंय चांगलं, पण तुमच्या घरी गोठा हाय का? आमच्याकडं हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाईट कधी दिवसा कधी रात्री, आणि रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन एकट्यानं रानात जावं लागतंय, त्यात वाघ हाय म्हणल्यावर गडी यायलाच तयार नाही, बायकोनं पण उंबऱ्यात अडवलं. शेजाऱ्याची कालवड नेली, पंचनामा झाला, पण पैशासाठी किती चकरा मारल्या ते त्यालाच माहिती. गायरान शेतकऱ्यानं नांगरलं म्हणता, ज्याला दोन एकर कोरडवाहू हाय त्यानं पोरं कशावर जगवायची? न्या त्याला सह्याद्रीत, तिथं जंगल मोठंय, तो पण सुखी, आम्ही पण.

औशाची ताई:
दोघांचंही पटतंय पण एक गोष्ट कुणीच बोलेना. ऊस. आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्याच्याही आत, म्हणून लपायला जागा कुठली तर उसाचे फड. रानडुक्कर तिथंच राहतंय, तिथंच पिलं घालतंय आणि रात्री भुईमूग उकरून टाकतंय. तोच ऊस जमिनीतलं पाणी पिऊन बसला, आणि 2016 ला आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलो. तरी लागवड कमी झाली का? नाही. वाघाला दोष देण्याआधी पीक बदलायची चर्चा करा की.

कळंबचा शेतकरी:
ताई, ऊस हौसेनं लावत नाहीत ओ. सोयाबीनचा हमीभाव 2024 ला क्विंटलला 4892 रुपये होता, आमच्या बाजारात कितीला गेलं ते विचारा. उसाला निदान कारखाना न्यायला येतो, दर ठरलेला असतो. दुसऱ्या पिकाला अशीच खात्री द्या, उद्या ऊस मोडतो.

सिडको_संभाजीनगर:
शहरातला म्हणून बोलू नको म्हणाल, तरी बोलतो. जुलै 2024 ला आमच्या उल्कानगरीत बिबट्या सीसीटीव्हीत दिसला तेव्हा अख्खं शहर दारं लावून बसलं होतं, आणि दोन दिवस सगळ्यांची एकच मागणी, पकडा. तेव्हा कुणी म्हणालं नाही की राहू द्या, त्याचा हक्क आहे. शहराला जी सुरक्षा लागते ती शेतकऱ्यानं मागितली की तो निसर्गाचा शत्रू कसा होतो? मी वाघ न्यावा याच बाजूचा.

बालाघाटकर:
सिडकोवाले भाऊ, बिबट्या कॉलनीत शिरला होता, हा वाघ डोंगरात आहे, फरक आहे. पण कळंबच्या दादांचं लाईटचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दिवसा वीज मिळाली तर रात्री रानात जायचं कामच उरत नाही, मग निम्मी भीती तिथंच गेली. सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे ना, मग अभयारण्याला लागून असलेल्या गावांचे फीडर, म्हणजे शेतीच्या वीजवाहिन्या, त्यात आधी घ्या. आणि जनावर गेलं तर भरपाई पंधरा दिवसात खात्यावर. एवढं झालं तरी वाघ नको म्हणाल का?

कळंबचा शेतकरी:
आधी करून दाखवा. लाईट दिवसा आली आणि पैसे वेळेवर मिळाले तर मी विचार करीन, पण हे होईपर्यंत तो इथं आणि आम्ही रात्री पाण्यावर, हे चालणार नाही. पोरगं बारावीला हाय माझं, त्याला रात्री मोटर चालू करायला पाठवायची हिंमत होत नाही.

औशाची ताई:
मग ग्रामसभेत हेच दोन ठराव घ्या की, दिवसा वीज आणि वेळेत भरपाई. येडशीच्या आजूबाजूच्या सगळ्या गावांनी एकदम घेतले तर ऐकावं लागेल. मसुदा मी लिहून देते, दादा तुम्ही गावातल्या सह्या गोळा करा.