मचाणावर तीन पिना पुरे

धनुष्यावर नेम धरायला पेंड्युलम साईट घ्यावी की पाच पिनांची, असं आपण विचारलंत. (साईट म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन, आणि पिन म्हणजे त्यातली ठरावीक अंतरासाठी लावलेली खूण.) मी मिशिगनमध्ये मचाणावरून धनुष्याने हरणाची शिकार करतो. माझ्या मते दोन्ही नकोत.

पेंड्युलमची पिन धनुष्य खाली झुकवलं की आपोआप सरकते, म्हणून ती मोहात पाडते. पण हिशोब करून बघा. डोळा जमिनीपासून २० फुटांवर आणि हरीण तिरक्या रेषेत २० यार्डांवर असेल, तर आडवं अंतर, ज्यावरून नेम ठरतो, ते जवळपास १९ यार्ड येतं. एवढ्याने नेम बिघडत नाही. बिघडतो तो आपण नुसता हात खाली करतो म्हणून! दोरी ताणताना बाण आडवाच ठेवा, मग कमरेतून वाका. हा सराव अंगणात नको, हार्नेस (पडू नये म्हणून बांधायचा पट्टा) बांधून मचाणावरूनच करा.

खरी अडचण उजेडाची. इथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बाण सोडायला परवानगी आहे, आणि हरणं नेमकी तेव्हाच बाहेर पडतात. त्या अंधुक प्रकाशात पाच पिनांची गर्दी होते, घाईत भलतीच पिन धरली जाते. २०, ३० आणि ४० यार्डांच्या तीन पिना घ्या, फायबर (पिन चमकवणारा, उजेड गोळा करणारा धागा) लांब असलेल्या. पीपचं, म्हणजे दोरीत बसवलेल्या, डोळ्याजवळच्या कडीचं भोक फार बारीक नको, नाहीतर पिन चमकते पण हरीणच दिसत नाही. बॅटरीचा दिवा लावणार असाल तर आधी आपल्या राज्याचे नियम वाचा, काही ठिकाणी तो चालत नाही.

आणि पिन दिसतेय पण हरणाचा खांदा नीट दिसत नाही, अशा वेळी बाण सोडू नका. जखमी जनावर रात्रभर रानात तडफडतं.