निवृत्तीनंतर ब्रिटनमधल्या जुन्या वाड्यांत स्वयंसेवक: तुमचे अनुभव लिहा

निवृत्त झाल्यापासून मी दर गुरुवारी डर्बीजवळच्या केडलस्टन हॉलमध्ये स्वयंसेवक म्हणून जाते. नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे असलेली अशी घरं बरीचशी आमच्यासारख्या पेन्शनरांच्या जिवावर उघडी राहतात. आपल्यापैकी आणखी कोणी हे काम करत असेल तर जरूर लिहा, हातचं राखून लिहू नका. सुरुवात मी करते.

केडलस्टन म्हणजे लॉर्ड कर्झनचं वडिलोपार्जित घर. कोलकात्याचं गव्हर्नमेंट हाउस याच घराच्या धर्तीवर बांधलेलं. म्हणजे व्हाइसरॉय होऊन तो गेला तेही आपल्याच घराच्या प्रतिकृतीत राहायला! त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय इथे आहे. लेडी कर्झनने १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी घातलेला मोरपिसांचा झगाही याच घराचा. पॅरिसच्या वर्थ या नामांकित पोशाखगृहाकडून शिवलेला, पण जरदोजी आपल्याकडच्या कारागिरांची. प्रत्येक मोरपिसाच्या डोळ्यात काहीतरी हिरवं चमकतं. लोकांना वाटतं पाचू. मी पहिल्यांदा वाकून पाहिलं आणि चटकन ओळखलं, अरे, हा तर सोनकिडा! लहानपणी काडेपेटीत पाला घालून ठेवायचो ना, तसलाच. त्याचे कवचासारखे पंख टाचले आहेत. हे सांगितलं की पुढे गेलेली माणसंसुद्धा काचेशी परत येतात.

"हे सगळं लुटून आणलं का?" हा प्रश्न आपली मुलं हमखास विचारतात. मी टाळत नाही. काही विकत घेतलेलं, काही भेट मिळालेलं. पण व्हाइसरॉयला भेट द्यायची नाही असं म्हणण्याची सोय कितीजणांना होती, हेही सांगते. त्या खोलीत हे बोलायला आपलं माणूस असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

*

ताई, शेवटच्या वाक्याला अगदी पूर्ण सहमत. मी वेल्समधल्या पोविस कॅसलमध्ये उन्हाळाभर जात होतो. तिथे प्लासीच्या लढाईतल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या घराण्याचा संग्रह आहे आणि त्यात टिपू सुलतानचा तंबू. सुती कापडावर फुलांच्या कुंड्यांची नक्षी, रंग अजून ताजे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हाती लागलेला. पुढे या घराण्याने तो बागेतल्या मेजवान्यांना उभारला, हे कळलं तेव्हा पोटात कालवलं.

मी मूळचा तासगावचा. आमच्या गणपतीचं सात मजली गोपुर बांधणारे परशुरामभाऊ पटवर्धन १७९०-९२ च्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने याच टिपूवर चालून गेले होते. त्यामुळे "तुमच्या राजाचा तंबू का?" असं कोणी विचारलं की एका वाक्यात उत्तर देता येत नाही. मी बसवून सगळं सांगायचो. मराठे, निजाम, इंग्रज, कोण कधी कोणाबरोबर होतं ते. एक वेल्श आजोबा तासभर ऐकत बसले आणि पुढच्या आठवड्यात नातवाला घेऊन आले.

*

माझं काम लोकांसमोरचं नाही. घराचं नाव लिहीत नाही, कारण पहिलं वर्ष फार एकटं गेलं. चहाच्या वेळी मला कोणी "ये, बस" म्हणालं नाही. सोडणारच होते. मग हिवाळ्यात घर बंद झाल्यावर ग्रंथालयाच्या साफसफाईला माणसं कमी पडली आणि मी हात वर केला.

पुस्तक कपाटातून काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढायचं नाही, तिथेच ते फाटतं. शेजारची दोन थोडी आत ढकलायची आणि मधलं पोटाशी धरून काढायचं. मग ते घट्ट मिटून, वरच्या कडेवरची धूळ मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झटकायची. दुसऱ्या हातात व्हॅक्युमचं तोंड, त्यावर जाळी. ब्रशच्या धातूच्या पट्टीलाही चिकटपट्टी गुंडाळलेली असते, चुकून ओरखडा उठायला नको. एका सकाळी जेमतेम दीड फळी होते. शेजारी काम करणारी बाई तीन महिने माझ्याशी फक्त पुस्तकांबद्दल बोलली. मार्चमध्ये तिने स्वतःच्या डब्यातला केक माझ्यापुढे केला. आता आम्ही दोघी जोडीनेच नाव नोंदवतो.

*

थोडक्यात लिहितो. डर्बीशायरमध्येच कॅल्क ॲबी आहे, आलात तर चुकवू नका. ट्रस्टने १९८५ मध्ये ते घर ताब्यात घेतलं आणि पडझडीसकट आहे तसं राखलं. तिथे चिनी रेशमी पडद्यांचा एक पलंग आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या पेटीत राहिला म्हणून त्याचा रंग टिकला. ऊन कापडाचं काय करतं हे तो पलंग पाहिल्यावर समजलं. आता ड्युटीवर पडदा बोटभर जरी सरकला तरी मी उठतो.

*

पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. गुडघे दुखतात. दगडी फरशीवर चार तास उभं राहणं जमेल का?

*

जमेल. गुडघ्यांचं आधीच सांगून ठेवा, खोलीत तुमच्यासाठी वेगळी खुर्ची देतात. बूट मऊ तळव्याचे घ्या आणि आत एक स्वेटर घाला, मे महिन्यातही. मात्र जिच्यावर पाइनचं बोंड किंवा काटेरी फूल ठेवलेलं दिसेल त्या खुर्चीवर बसू नका, ती त्या घराची असते.