मदत हवी आहे: गिरणीचं व्होल्टेज पडतंय, दोष पवनचक्क्यांचा की फीडरचा (सबस्टेशनवरून गावाला येणाऱ्या लाइनचा)?

मंडळी, अथणी तालुक्यात आमची पिठाची गिरण आहे. थ्री फेज, १० एचपी मोटर. आषाढात वारं सुटलं की संध्याकाळी व्होल्टेज ४१५ वरून ३५० च्या खाली येतं. मोटर घुमते, पट्टा घसरतो, पीठ भरड पडतं. गावात सगळे शेजारच्या जत भागातल्या पवनचक्क्यांवर खापर फोडतात.

मला ते अर्धंच पटतं. २०१३ अखेर दक्षिणेचं ग्रिड (विजेचं जाळं) बाकी देशाच्या ग्रिडला जोडल्यापासून देशभर फ्रिक्वेन्सी एकच, ५० हर्ट्झच्या आसपास. वारा अचानक पडला तर ती सगळीकडेच हलणार, एकट्या आमच्या गावात नाही. व्होल्टेजचं तसं नसतं, ते जागेवरचं. जुन्या इंडक्शन जनरेटरच्या पवनचक्क्या रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी वीज) लाइनमधून ओढतात, त्यामुळे जवळच्या लाइनवर फरक पडू शकतो.

तिन्ही फेज मोजले, सारखेच पडतात. टीसीवरची (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची) कनेक्शनं आवळून घेतली, मोटरचा कपॅसिटर नवा बसवला. वारा नसतानाही पडतं, पण कमी. त्याच वेळेत उसाचे पंपही चालू असतात, हा घोळ आहेच. (स्टॅबिलायझर सुचवू नका, परवडत नाही.)

पंपांचा लोड की पवनचक्क्या, हे वेगळं कसं ओळखायचं? आणि सबस्टेशनकडे अर्ज करताना नेमक्या कुठल्या तासावारी नोंदी मागू?