चांदबिबीला मुलगा झाला असता, तर नगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही एक झाली असती का?

भुईकोटवाला (सोलापूर)

सकाळी किल्ल्याच्या बागेत फिरताना हा प्रश्न रोज डोक्यात येतो. आपला किल्ला दोनदा लग्नाच्या बोलीत आला. 1524 साली बुऱ्हाण निजामशहाचं लग्न इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी, मरियमशी झालं. सोलापूर आंदण द्यायचं ठरलं होतं. विजापूरकरांनी शब्द फिरवला आणि पुढच्याच वर्षी निजामशाही फौज इथं चालून आली. चाळीस वर्षांनी उलटं झालं. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्यासोबत सोलापूर गेलं. त्याच सुमाराला अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला दिली. चक्क साटंलोटं! त्या जोरावर 23 जानेवारी 1565 ला विजयनगरविरुद्धची तालिकोटची लढाई झाली. पण चांदबिबीला मूल झालं नाही. झालं असतं तर दोन्ही गाद्या एकाकडे आल्या असत्या का?

सीनाकाठ

नाही. आजोळची गादी नातवाला कशी मिळणार? मामा जिवंत होता, मामाला मुलगा होता. शिवाय नगरचे सरदार विजापूरच्या माणसाला किल्ल्याच्या किल्ल्या देणार, हे पटत नाही. साटंलोटं झाल्यावरही दोघं सोलापूर-परांड्याच्या पट्ट्यात भांडतच राहिले ना?

मोडी वाचणारी

सीनाकाठ, 1565 पुरतं तुमचं बरोबर आहे. पण मुर्तझाच्या शेवटापासून पुढं बघा. 1588 मध्ये त्याला त्याच्याच मुलानं, मिरान हुसेननं मारलं. वर्षभरात मिरान हुसेनही मारला गेला. 1595 पर्यंतच्या सात वर्षांत चार सुलतान झाले, आणि चौथा इब्राहिम निजामशहा विजापूरच्या फौजेशी लढतानाच पडला. मग दरबाराचे गट पडले. त्यातल्या एका गटाच्या मियाँ मंजूनं वंशाचा पत्ता नसलेला अहमद नावाचा पोरगा गादीवर बसवला आणि डाव अंगाशी येतोय म्हटल्यावर अकबराच्या मुलाला, मुरादला बोलावणं धाडलं.

आता या गोंधळात चांदबिबीचा मुलगा उभा करा. तिशीच्या आसपासचा, हुसेन निजामशहाचा सख्खा नातू, हाताशी विजापूरची फौज आणि आई नगरच्या तटावर. मियाँ मंजूला कोण विचारणार होतं? बापाच्या बाजूनं परका, पण आईच्या बाजूनं त्या अहमदपेक्षा कितीतरी पटीनं हक्काचा. माझ्या मते 1595 हीच ती वेळ होती.

खरं घडलं ते वाचताना जीव तुटतो. चांदबिबीनं माहेरी नगरला येऊन भावाच्या नातवासाठी, तान्ह्या बहादूरसाठी किल्ला लढवला. सुरुंगानं तटाला पडलेलं खिंडार रातोरात बुजवून घेतलं. तरी 1596 मध्ये वऱ्हाड प्रांत मुघलांना द्यावा लागला. विजापूर-गोवळकोंड्याची फौज सुहेलखानाच्या हाताखाली निघाली, ती 1597 मध्ये सोनपेठजवळ हरली. 1600 मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि नगर पडलं. सगळ्यांनी एकत्र यायचं ठरवलं, पण उशिरा. मुलगा असता तर ती फौज पाहुण्यांची नसती, घरची असती.

अक्कलकोट नाका

ताई, मांडणी पटली. पण त्याची किंमतही धरा. अलीला मुलगा असता तर 1580 मध्ये नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आलाच नसता. म्हणजे त्याचं गाण्यांचं पुस्तक किताब-ए-नवरस नाही, विजापुरातली त्याची कबर इब्राहिम रोजा नाही, नळदुर्गचा पाणीमहालही नाही. मी पावसाळ्यात धरणाच्या पोटातल्या त्या महालात उभा राहून डोक्यावरून पडणारं पाणी बघितलंय. त्यावर पाणी सोडायला मन तयार होत नाही.

भुईकोटवाला

ताई, 1595 कडे माझं लक्षच गेलं नव्हतं, तुम्ही चांगलं दाखवलंत. तरी एक जागा कच्ची वाटते. मुलगा झाला असता तर अली गेल्यावर चांदबिबी त्याच्यासाठी विजापुरातच राहिली असती. तसंही इब्राहिमच्या वेळी कारभार हातात असताना तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलंच होतं. मग मुराद आला तेव्हा नगरच्या तटावर कोण होतं? नातू विजापूरहून सोलापूर, परांडा करत पोचेपर्यंत किल्ला टिकवणारं माणूस आत पाहिजे. तिच्याशिवाय तसं दुसरं कुणी मला दिसत नाही. तुम्हाला दिसतं का?