सल्ला हवा: नागपूरहून कांदळवनातली होडी आणि स्नॉर्केलिंग, सोबत आई आणि लेक

पेंचवाला

नमस्कार मंडळी. जानेवारीत सहा दिवस सुट्टी मिळून राहिली आहे. आम्ही चौघं जण: मी, बायको, अकरा वर्षांची लेक आणि आई. आई 69 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण फिरायची हौस दांडगी.

आजवर आमच्या सगळ्या सुट्ट्या जंगलात गेल्या. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव, सगळं लेकीनं पालथं घातलं. आता तिला पाण्यात उभं असलेलं जंगल पाहायचं आहे, आणि पाण्यात तोंड घालून मासे. आईनं समुद्र एकदाच पाहिला, 1978 साली, लग्नानंतर गिरगाव चौपाटीवर, तोही उभ्या उभ्या.

कोकण की अंदमान, इथंच आमचं अडलं आहे. स्नॉर्केलिंगला पोहता यावंच लागतं का? लेक तरणतलावात शिकली, मला येत नाही. आईला होडीत चढता येईल का? ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी सांगा. जाहिराती वाचून कंटाळलो आहोत.

निळाई

नितळ पाणी हवं असेल तर अंदमानच. बाराटांगला निलांबूर जेटीवरून चुनखडीच्या गुहांकडे जी होडी जाते ती खारफुटीतूनच, म्हणजे कांदळवनातूनच जाते, शेवटच्या टप्प्यात तर फांद्यांची डोक्यावर कमान होते. प्रवाळासाठी वांडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. तिथल्या जॉली बॉय बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पण नागपूरहून चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं, आणि बाराटांगसाठी पहाटे निघून गाड्यांच्या ताफ्याबरोबर जावं लागतं. सहा दिवसांत आईंची फार ओढाताण होईल. अंदमानला आठ-नऊ दिवस हाती असताना जा.

मूळ_देवबागचा

माझं गाव देवबाग, वीस वर्षं झाली नोकरीनिमित्त नागपुरात आहे. तुमच्यासाठी मालवण आणि वेंगुर्लाच. सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे येणारे पाहुणे एक चूक दरवेळी करतात. होडीची वेळ ते नाश्त्यावरून ठरवतात. ती ठरवायची पाण्यावरून.

खारफुटी बघायची तर पाणी कुठवर आहे यावर सगळं. भरती असली की होडी झाडांच्या मधोमध शिरते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तीच होडी खाडीच्या मधल्या पट्ट्यातच राहते, पण चिखल उघडा पडतो आणि खरी वस्ती दिसते: डोळे डोक्यावर घेऊन चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, एकच नांगी मोठी असलेले खेकडे, मुळांना चिकटलेली कालवं. स्नॉर्केलिंगचंही तसंच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात चढतं-उतरतं, तळ ढवळून निघतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी, गाळ खाली बसलेला. म्हणून तिथी बघून या.

भरतीची वेळ काढायला आमचे आजोबा एकच हिशेब करत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. शेवटचा शब्द होडीवाल्याचा.

आता जागा. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माडांखाली घरं. कर्लीच्या मुखाशी होड्या फिरवतात, पुढे निवतीच्या बाजूला डॉल्फिनही दिसतात. पण निव्वळ कांदळवनासाठी मी वेंगुर्ल्याची मांडवी खाडी सांगेन. तिथं स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका 2017 पासून कांदळवन सफारी चालवतात. होडी वल्ह्यांची. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, आणि झाडांची नावं सांगणारी बाई त्याच खाडीकाठची. ताडोब्यात जिप्सी बंद करून जनावरांचे कॉल ऐकत बसणाऱ्या माणसाला याचं मोल सांगायला नको.

स्नॉर्केलिंग मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. 1987 साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र साधारण 29 चौरस किलोमीटर. गाभा क्षेत्र 3 चौरस किलोमीटरच्या थोडं वर, शेजारचा पद्मगड किल्ला त्यातच येतो. तुमच्याकडे व्याघ्र प्रकल्पात कोअर आणि बफर असतं तसंच. अंदमानसारखं निळंशार पाणी मनात धरून येऊ नका. चांगल्या दिवशी चार-पाच मीटर दिसतं, वारा सुटला तर फारसं काही दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. मेअखेर ते ऑगस्टअखेर सगळं बंद.

किल्ला चुकवू नका. 1664 मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी पाया घातला, 1667 मध्ये बांधून झाला, आणि 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीत आला. पण धक्क्यावर उतरायला लाटेत होडी हलते. आईंना मधे, दोन्ही बाजूंनी धरून उतरवा.

रानजाई

आम्ही गेल्या डिसेंबरात मालवणला गेलो होतो. पोहता आलंच पाहिजे असं नाही. लाइफ जॅकेट असतं, रिंगला धरून राहता येतं, सोबतीला एक माणूस पाण्यात असतो. खरी अडचण श्वासाची. नाक मास्कमध्ये बंद, श्वास तोंडानं घ्यायचा, हे मेंदूला पटतच नाही. म्हणून घरून सराव करून जा. मास्क-स्नॉर्केलचा साधा सेट घ्या आणि तरणतलावात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दहा-दहा मिनिटं नुसतं तोंड बुडवून श्वास घ्या. आम्ही दोन रविवार केलं, तिथं गेल्यावर त्याचा फार उपयोग झाला.

मास्कच्या कडेखाली एक केस जरी आला तरी पाणी शिरतं. मिशी असेल तर वरच्या ओठावर व्हॅसलीन लावा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून खळबळून घ्यायची. ऐकायला कसंतरी वाटतं, पण याहून चांगला उपाय नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधीच शोधा.

आता मनाला लागलेली गोष्ट. आम्हाला नेणाऱ्यानं पाण्यात एका जागी थांबवून सांगितलं, "पाय टेका, दगड आहे, फोटो काढतो." माझा नवरा उभा राहिला. मी मास्क लावून खाली पाहिलं तर तो दगड नव्हता. मधमाशीच्या पोळ्यासारखी कडी-कडीची नक्षी, तपकिरी-हिरवी, आणि टाचेखाली तिचा पांढरा भुगा झालेला. तसली गोल प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे एका फोटोपायी किती वर्षं गेली, मोजा. आपल्याकडे कोणी वाघिणीच्या बछड्यावर पाय ठेवा म्हटलं तर आपण ऐकू का? कठीण प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच रांगेत, परिशिष्ट 1 मध्ये आहे. तुटलेला तुकडाही खिशात घालून आणायचा नाही.

तेव्हा होडीत चढायच्या आधीच स्पष्ट सांगा: आम्ही पाय टेकणार नाही, नांगर वाळूत टाका, आणि मासे गोळा करायला बिस्किटं-पाव टाकू नका. सनस्क्रीनचे थर लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला बाधतात, हवाईमध्ये 2021 पासून तसल्या दोन रसायनांच्या विक्रीवर बंदी आहे.

गाडीबान

प्रवासाचं मी सांगतो. नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा सुटते, दुपारी नागपूरहून निघालात की दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळ. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, वेंगुर्लाही साधारण तेवढंच. विशेष गाडी असल्यानं मुदतवाढ आणि वेळ बुकिंगच्या वेळी बघून घ्या. आईंना खालचा बर्थ मागा. विमानानं गोव्यात मोपाला उतरलात तर वेंगुर्ला जवळ पडतं. गाडी चालवत जायचं मनात असेल तर यवतमाळ, नांदेड, सोलापूर, कोल्हापूर असा हजारेक किलोमीटरचा रस्ता आहे. मधे मुक्काम केल्याशिवाय नको, लेकरू आणि म्हातारं माणूस सोबत आहे.

पेंचवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊणपटीचा हिशेब मी आईला वाचून दाखवला, तर ती भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाटावर घेऊन बसली. चतुर्थी, एकादशी, प्रदोष तिला पाठच. म्हणाली, "काऊन सांगितलं नाही आधी, हे तर मला येते." आम्ही अष्टमीला दुपारी कुडाळला पोचतो. म्हणजे नवमीला मालवण आणि दशमीला वेंगुर्ला. जमेल का? आणि आई शाकाहारी आहे.

मूळ_देवबागचा

चांगलं जमतं. नवमीला पावणेसातला भरती, पाणी भांगाचं. साडेआठला पाण्यात उतरा, वारा उठायच्या आत बाहेर या. दुपारनंतर तिथं वारा सुटतोच. रात्री वेंगुर्ल्यात मुक्काम करा. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. आठच्या सुमारास मांडवीत होडीत बसा. जाताना भरलं पाणी असेल, झाडांत शिराल, आणि परतेपर्यंत सुकती लागून कडेचा चिखल उघडा पडू लागलेला असेल. एका फेरीत दोन्ही. आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करा, आणि आईंच्या गुडघ्यांचंही सांगून ठेवा, म्हणजे चढा-उतरायला नीट जागा बघतील. बसायला घरून पातळ उशी न्या.

शाकाहाराची काळजी नको. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी मागा, सोबत सोलकढी. खापरोळी मिळाली तर सोडू नका.

पेंचवाला

परत येऊन आठ दिवस झाले, लिहायला उशीर झाला.

मालवणला पाणी तीन-साडेतीन मीटर दिसलं असेल. लेक पहिल्याच दमात रमली. मी होडीची कड सोडायला बराच वेळ घेतला. सोबतच्या पोरानं माझा हात धरला आणि म्हणाला, खाली बघू नका, आधी नुसता श्वास ऐका. मग मी खाली पाहिलं. एका खडकाच्या कपारीत हातभर लांबीचा गोबरा मासा हलत नव्हता, फक्त कल्ले उघडझाप करत होते. वर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे, अंगठ्याएवढे, घोळक्यानं. आणि रानजाई, ती मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षीही दिसली. मोठ्या परातीएवढी होती. आम्ही तिघंही वरच तरंगत राहिलो. पाय टेकणार नाही हे आधी सांगितलं तेव्हा त्या पोराला बरंच वाटलं, त्यानं आपणहून नांगर लांब वाळूत टाकला.

आईसाठी मात्र दशमीचा दिवस खरा. दोघी बायांनी तिला हाताला धरून होडीत घेतलं, उशीवर बसवलं. वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज सोडला तर काही नाही. पांढरी चिप्पी दाखवली, ते आपल्या महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे हे मला माहीत नव्हतं. चिखलातून बोटभर उंचीची मुळं हजारोंनी वर आलेली, श्वास घ्यायला. कांदळाच्या फांदीला शेंगेसारखं लांब रोप लोंबत होतं. बी झाडावरच रुजतं आणि रोप होऊनच खाली चिखलात पडतं, हे ऐकून लेक म्हणाली, "म्हणजे झाडाला बाळ होते." वल्हवणाऱ्या बाईनं मान हलवून होय म्हटलं.

मग तिनं तिवराचं एक पान आईच्या हातात दिलं आणि चाटून पाहायला सांगितलं. पानाच्या मागे साखरेसारखे बारीक पांढरे कण होते. आईनं जीभ लावली आणि डोळे मिटून घेतले. झाड मुळातून खारट पाणी घेतं आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. आईनं लेकीला पान दिलं, मग मला, मग सुनेला.

परतताना पाणी उतरू लागलं होतं, कडेला पहिल्या निवट्या दिसल्या. आईनं बाईंना विचारलं, "आज दशमी, साडेसातला भरली होती ना खाडी?" वल्हं थांबलं. "तुमका कसा म्हायत?" आईनं पिशवीतून कॅलेंडरचं घडी घातलेलं पान काढलं. तिनं जानेवारीचं पान नागपूरहून फाडून आणलं होतं, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. दोघी मग त्या पानावर वाकून पुढच्या पौर्णिमेचा हिशेब करत बसल्या, आणि होडी तेवढा वेळ आपली आपण हळूहळू मुखाकडे जात राहिली.