नाटकात लव्हस्टोरी घाला, पण आंग्र्यांना चाचे करू नका

पडद्यामागचा, सांगली:
आमच्या ग्रुपचं नवीन नाटक ठरतंय, विषय एकदम भारी. १७१२ साली आंग्र्यांच्या आरमाराने कारवारहून मुंबईला चाललेलं इंग्रजांचं जहाज धरलं, त्यात कॅथरीन कुक नावाची तरुण, गरोदर बाई होती, नवरा तोफेच्या गोळ्याने मेला आणि हिला कुलाब्याच्या किल्ल्यात ठेवलं. आता स्क्रिप्टमध्ये काय केलंय तर आंग्र्यांचा एक तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, डोळ्याला काळी पट्टी, कमरेला दोन पिस्तुलं, असा चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, दाखवलाय आणि ही त्याच्या प्रेमात पडते. मला अजिबात मान्य नाही. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते, पुढच्याच वर्षी बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले आणि कान्होजी साताऱ्याच्या शाहू महाराजांकडे आले. आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे समुद्रावरचा परवाना, घेतला की जहाज सुखरूप जायचं, नाही घेतला तर धरायचे. पोर्तुगीज कार्ताझ नावाचा परवाना देऊन हेच करत होते ना?

मिरजवाली:
दादा एवढं मनाला लावून घेऊ नका. सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, त्यातपण राक्षस, आरडाओरडा, लग्न सगळं होतं की. प्रेक्षकाला वादळ पाहिजे, तोफा पाहिजेत, आणि प्रेम तर पाहिजेच.

घाटाखालचा:
मी थोडं उलट बोलतो. आंग्र्यांनी फक्त इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं धरली असं नाही, आपल्याकडच्या साध्या व्यापाऱ्यांचीपण धरली. ज्याचा माल गेला त्याला दस्तक काय आणि लूट काय, सारखंच. हेपण दाखवा, नुसती आरती नको.

पडद्यामागचा, सांगली:
दाखवू की, पण खरा चाचा बघायचा तर हेन्री एव्हरी बघा, १६९५ ला औरंगजेबाचं गंज-ए-सवाई जहाज लुटलं, हजहून येणारे लोक होते त्यावर, बायकांवर अत्याचार केले आणि लूट घेऊन पळून गेला, ना किल्ला ना राज्य. कान्होजींच्या मागे कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग होते, गुराबा-गलबतं अशी लढाऊ जहाजं होती, कर वसूल होत होता. दोघांना एकच ड्रेस कसा घालता?

साताऱ्याची लेक:
तुम्ही सगळे कान्होजींवरच भांडताय, त्या पोरीचं कोण बोलणार? तेराचौदाव्या वर्षी कारवारच्या वखारीतल्या म्हाताऱ्या प्रमुखाशी लग्न लावलं, तो गेला, दुसरा नवरा डोळ्यांसमोर गेला, पोटात बाळ, वरून ओलीस, शेवटी ३०,००० रुपये खंडणी दिल्यावर फेब्रुवारी १७१३ मध्ये सुटली. तिला महिन्याभरात तांडेलाच्या गळ्यात पडताना दाखवायचं? मला हे बघवणार नाही, तांडेल मराठा असो नाहीतर इंग्रज.

मिरजवाली:
ताई हे पटलं. मग प्रेम दुसरीकडे घाला, कोळीवाड्यातली मुलगी आणि गुराबेवरचा खलाशी, कॅथरीन तिकडे वेगळी राहू दे. पण प्रेम काढायचं नाही.

घाटाखालचा:
आणि शेवट १७५६ वर न्या. पेशव्यांनीच इंग्रजांना सोबत घेतलं, विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचं आरमार जळालं, कान्होजींचा मुलगा तुळाजी मरेपर्यंत कैदेत. तो खलाशी तेव्हा म्हातारा असेल.

पडद्यामागचा, सांगली:
म्हातारा खलाशी चालेल. तुळाजीला कैद करणारे आपलेच, हे स्टेजवर बोलायला मात्र ग्रुपमधले निम्मे तयार होणार नाहीत, तरी मी मांडणार.